पहिल्या जागेवरचं नाव

बाबांचा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर गेला तेव्हा मी त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर बसले होते, आणि ज्या बटणाने तो गेला ते बटण मीच तिथे ठेवलं होतं. ही गोष्ट मी आजवर मोजक्या माणसांनाच सांगितली आहे. आता लिहायला घेतली ती कुणी माफ करावं म्हणून नाही. जसं झालं तसं एकदा कागदावर यावं, एवढंच.

आमचं घर पांढरकवड्याला. बाबा तहसील कार्यालयात कारकून होते, शेवटची बरीच वर्षं आवक-जावक विभागात. बाहेरून आलेला कागद कोणत्या टेबलावर जायचा आणि इथून निघालेला कागद कोणाच्या हाती पडायचा, हे पाहणं त्यांचं काम. मी हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करते. कंपनीचं मेसेज पाठवायचं अ‍ॅप आहे आणि त्यातला एक लहानसा भाग माझ्याकडे होता. आपण फोटो पाठवायचं बटण दाबलं की खालून एक पट्टी वर सरकते, तिच्यावर माणसांची नावं आणि ग्रुप दिसतात. ती पट्टी माझी.

आधी ती पट्टी सगळ्यांना सारखीच दिसायची. मला काम मिळालं ते तिला प्रसंग ओळखायला शिकवायचं. समोरच्याने "कुठं पोचली?" विचारलं असेल तर लोकेशन सगळ्यात आधी दिसावं. "फोटो टाक ना" असं आलं असेल तर आजचे फोटो पुढे यावेत. नावांची रांगसुद्धा तशीच बदलावी. कागदाचा फोटो असेल तर ज्याला तुम्ही कागद पाठवता त्याचं नाव पहिलं, नातवंडांचा फोटो असेल तर आजीचं. मला ते काम फार आवडायचं. माणूस काय करणार आहे हे त्याच्या आधी ओळखायचं, यात एक प्रकारची माया आहे असं मला तेव्हा वाटायचं.

चाचणीचं अ‍ॅप घरच्यांच्या फोनवर टाकायची कंपनीने परवानगी दिली होती. मी आईच्या, काका-काकूंच्या, चुलत भावंडांच्या, सगळ्यांच्या फोनवर ते टाकलं आणि घरचा ग्रुप तिकडे हलवला. तेवीस माणसं होती त्यात. बाकीच्यांनी माझं मन राखायला वापरलं. बाबांनी मात्र नोकरीसारखं वापरलं. एका जुन्या डायरीत रोज टिपणं करायचे आणि संध्याकाळी चहा घेताना मला वाचून दाखवायचे.

एकदा म्हणाले, "काल त्याचं नाव इथं होतं, आज तिथं काहून गेलं?"

'त्याचं' म्हणजे त्यांच्या मित्राचं. दोघे एकाच कार्यालयातून निवृत्त झालेले. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा फोटो काढून त्यांना पाठवायचे आणि तासाभराने दोघे फोनवर भांडायचे.

मी सांगितलं, "तुमी काल काकाले जास्त मेसेज केले ना, म्हणून काका पुढं आले. ते आपोआप ओळखते."

"ओळखते, पण जागा कायले बदलते? ऑफिसात रोज टेबलाची जागा बदलली असती त माणूस कोणापाशी गेला असता?"

"बाबा, तुमचा अंगठा जिथं जाते तिथंच नाव येऊन राह्यलं. शोधावं लागत नाई."

"मले शोधायचा त्रास नाई," ते म्हणाले. "मी पाकिटावर पत्ता लिहिला की चिकटवायच्या आधी एकदा वाचत होतो. तुयी पट्टी वाचूच देत नाई."

त्यांचं म्हणणं खरं होतं. आधी नाव निवडलं की खाली 'पाठवा' असं बटण यायचं. ते दुसरं बटण मी काढून टाकलं होतं. नावावर बोट ठेवलं की गेलं. चुकलंच तर परत घ्यायला पाच सेकंद एक बारीक ओळ दिसायची. चाचणीत लोकांना ते भरभर वाटलं, वरच्यांनी माझं कौतुक केलं. बाबांचं टिपण मी कंपनीला कळवलंच नाही. वयस्कर माणसाची सवय, असं स्वतःशी म्हटलं आणि सोडून दिलं.

त्या वर्षी दिवाळीपासून बाबांचा आवाज बसला होता. आई काढा करून द्यायची, हळदीचं दूध द्यायची. ते सगळं मुकाट्याने प्यायचे. आम्हाला न सांगता ते मित्राला घेऊन यवतमाळला गेले, तिथे घशाची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला गेला. आम्हाला सांगितलं की पेन्शनच्या कामाला गेलतो.

रिपोर्ट आला तेव्हा काकाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर होतं. काकाची शेती केळापूरकडे, कापूस आणि तूर. घरासमोरच्या अंगणात मांडव घालायचा होता. काका लिहिण्या-वाचण्याला कंटाळणारा माणूस, त्यामुळे पाहुण्यांची यादी, जेवणाची यादी, आचाऱ्याला द्यायच्या सामानाची यादी, सगळं बाबाच लिहायचे आणि कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. दोन दिवसांत दहा-बारा कागद त्यांनी असे टाकले होते.

माझ्या पट्टीने ते नीट लक्षात ठेवलं. कागदाचा फोटो आला की घरचा ग्रुप पहिला. मी तिला तेच शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाबांनी रिपोर्टचा फोटो काढला. तो मित्राला पाठवायचा होता. मित्राचा पुतण्या नागपूरला डॉक्टर, तो पाहून पुढचं सांगणार होता. महिनोन्‌महिने सकाळी शब्दकोडं पाठवताना मित्राचं नाव पहिल्या जागेवर असायचं. बाबांचा चष्मा कपाळावर होता. अंगठा सवयीने पहिल्या जागेवर गेला. त्यांनी फोन खाली ठेवला आणि पाणी प्यायला उठले.

मी पुढच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. काम चालू असताना ते कधी आत यायचे नाहीत. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"हे परत घेता येते काय?"

मी आवाज बंद केला आणि फोन घेतला. आधी मला घरचा ग्रुप दिसला. मग कागद. मग त्यावरचं बाबांचं नाव, वय, आणि खाली इंग्रजीतला तो शब्द, जो वाचायला कुणालाही डॉक्टर व्हावं लागत नाही. त्याखाली एका भावाने लिहिलं होतं, "मोठे बाबा, हे कोणाचं आहे?"

"चुकीच्या टेबलावर गेलं," बाबा म्हणाले.

मी तो फोटो सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकला. घाईत दोनदा चुकीचं दाबलं गेलं. फोटो गेला, पण कोणी कोणी पाहिला ती यादी दिसत होती. अकरा जणांनी पाहिला होता. मी बाबांकडे पाहिलं. "खरं आहे?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आईले सांगू नको. मी सांगतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला.

आई मेथी निवडत बसली होती. आम्ही दोघं दारापर्यंत पोचलो तेव्हा तिच्या फोनमधून काकूचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. काकू रडत होती. "ताई, भाऊजीले कवापासून आहे हे? तुमी आम्हाले काहून नाई सांगतलं?"

आई म्हणाली, "काय सांगतलं नाई?"

मग ती ऐकत राहिली. तिने एकदाच मान वर करून बाबांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. तिने फोन खाली ठेवला, मेथीची उरलेली जुडी सोडली आणि निवडायला लागली. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. ते बोलायला गेले, पण आवाजच नीट फुटेना.

"राहू द्या," आई म्हणाली. "समजलं मले."

साक्षगंधाला जावं की नाही असा प्रश्न निघाला. बाबा म्हणाले, जायचंच. पोरीचा दिवस आहे. आम्ही गेलो. मांडवात पाय ठेवल्याबरोबर सगळे बाबांकडे वळले. कुणी खुर्ची आणली, कुणी त्यावर उशी ठेवली. ज्या माणसाने सगळ्या याद्या लिहिल्या होत्या, त्याला कुणी ताटसुद्धा उचलू देईना. बायका आईजवळ येऊन हळू आवाजात विचारत होत्या, "तंबाखू-खर्रा खात होते काय?" आई प्रत्येकीला तेच सांगत होती, "नाई हो. सुपारीही नाई खाल्ली कधी."

नवऱ्या मुलीला ओटी भरून बाहेर आणलं. ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडत बाबांपर्यंत आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचे खांदे हलायला लागले. नव्या साडीचा पदर ओला झाला. मुलाकडची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. बाबांनी तिला उठवलं आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "आज नाई, बेटा. आज फोटो खराब होतीन." ती हसायला गेली आणि आणखीच रडली. बाबांनी हाच एक दिवस वाचवायचा प्रयत्न केला होता.

परत येताना गाडी माझा चुलत भाऊ चालवत होता. मी पुढे, आई-बाबा मागे. समोर कापसाने भरलेला टेम्पो रस्ता अडवून हळूहळू चालला होता. मग आई म्हणाली, "मले आधी काहून नाई सांगतलं?"

"साक्षगंध झालं की त्याच दिवशी सांगणार होतो. सगळ्यात आधी तुलेच."

"तुमच्या मित्राले माईत होतं."

"कोणी त सोबत पायजे होतं."

"मी नवती काय?"

टेम्पो एका गावाच्या फाट्यावर वळला तेव्हा आई पुन्हा बोलली. "ठेचा ताटात टाकून देता म्हणून मी तुमच्यावर चिडली. पंधरा दिवस रोज चिडत होती. तुमी चूपचाप ऐकून घेतलं." एवढं बोलून तिने खिडकीकडे तोंड केलं. आरशात मला फक्त तिची बांगडी दिसत होती, खिडकीच्या दांडीवर धरलेल्या हातातली.

त्या गाडीत बसून मला कळलं की मी काय केलं होतं. आजार मी दिला नव्हता. पण आपलं दुःख कोणाला आधी सांगायचं, कोणाला नंतर, कुठल्या शब्दांत, कुठे बसून, हे ठरवणं माणसाचं असतं. बाबांनी ते ठरवून ठेवलं होतं. माझ्या पट्टीने ते त्यांच्या हातून काढून घेतलं आणि तेवीस जणांत वाटून टाकलं.

आठवडाभर मी कंपनीत काही बोलले नाही. मग मीटिंगमध्ये सांगितलं की पहिल्या जागेवरचं नाव बदलणं बंद करू, आणि दुसरं बटण परत आणू. माझे वरिष्ठ चांगले गृहस्थ होते, हैदराबादचेच. त्यांनी हिंदीत विचारलं की तक्रारी किती आल्या. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, एका तक्रारीवर इतकं चांगलं चाललेलं काम मागे कसं घ्यायचं? असं क्वचितच होतं.

तेव्हा मी सांगितलं की ती एक तक्रार माझ्या वडिलांची आहे, आणि कोणता कागद गेला होता तेही सांगितलं. स्क्रीनवरचे सहाही जण 'सॉरी' म्हणायला लागले. मला ते नको होतं. दया दाखवून निर्णय फिरवावा असं मला वाटत नव्हतं. पण बाबांचं टिपण मी आधीच सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती, हे मला माहीत होतं. म्हणून तेही कबूल केलं.

माझं सगळं ऐकलं गेलं नाही. कागदाच्या फोटोसाठी दुसरं बटण परत आलं. ग्रुप पहिल्या जागेवर आपोआप यायचा बंद झाला, आणि ग्रुप निवडला की त्यात माणसं किती आहेत तो आकडा मोठा दिसू लागला. बाकीच्या फोटोंना मात्र एका बोटाचं पाठवणं तसंच राहिलं, आणि रांगही बदलतच राहिली. ते आजही तसंच आहे. मी त्या भागातून बदली मागून घेतली.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज पूर्ण जाईल. बाबांनी विचार करायला एक दिवस घेतला आणि हो म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी फोन पुढे करून म्हटलं, "बाबा, थोडंसं बोला ना. रेकॉर्ड करून ठेवू."

"कायले?" ते म्हणाले. "तुमी लोक ऐकत बसान अन् रडत बसान. ठेव तो फोन."

मग त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि आईला आत बोलावलं. दवाखान्याच्या खोलीचं दार संध्याकाळपर्यंत बंद होतं. आतून बाबांचा घोगरा आवाज येत होता, अधूनमधून आईचा. एकदा आई मोठ्याने हसल्यासारखं वाटलं. काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाहेर बाकावर बसून मी त्यांचा आवाज शेवटचा ऐकला, पण शब्द एकही कळला नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासाचं छिद्र राहिलं. सुरुवातीला बाबा पाटीवर लिहायचे, पण झोपून लिहिता येईना, म्हणून फोन दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला लिहून दाखवलं: पाणी, बस, कफ, उशी, आईला बोलाव, झोपतो. हे सहा शब्द एका बोटात पाठवता आले पाहिजेत. खाली लिहिलं होतं, जागा बदलू नको.

मी त्यांच्यापुरती एक साधी पट्टी बनवली. सहा मोठी बटणं. ती कशावरून काही ओळखत नाही आणि शिकतही नाही. बाबांना लवकरच न पाहता दाबता यायला लागलं. 'आईला बोलाव' तेवढं माझ्या फोनवर यायचं; बाकीचे पाच शब्द रात्रंदिवस आईच्या फोनवर येत राहायचे आणि आई उठून ते ते करत राहायची. कधी कधी ती शेजारीच बसलेली असायची तरी ते फोनवरच पाठवायचे, आणि ती फोन वाचून तोंडाने उत्तर द्यायची.

घरी आल्यावर आई त्यांना एकटं कुठे जाऊ द्यायला तयार नव्हती. गळ्याला रुमाल बांधून ते अंगणात फेऱ्या मारायचे. लोक भेटायला यायचे आणि त्यांच्याशी न बोलता आईशीच बोलायचे, जणू आवाजाबरोबर त्यांचे कानही गेले. मित्र तेवढा रोज येऊन समोर बसायचा आणि शब्दकोड्यावर एकटाच भांडायचा. बाबा ऐकायचे, पण चेहऱ्यावर काही हलायचं नाही. असे तीन-चार महिने गेले.

एका बाजाराच्या दिवशी आई शेजारी गेली असताना बाबा पिशवी घेऊन निघून गेले. आई परत आली, घर रिकामं पाहून घाबरली. मी चपला घालतच होते तेवढ्यात ते फाटकातून आत आले. पिशवीत वांगी होती, आणि वर कोथिंबिरीच्या तीन जुड्या. ते ओट्यावर बसले आणि एकदम खाली वाकले. त्यांचे खांदे जोरजोरात हलायला लागले. तोंड उघडं, आवाज काहीच नाही.

"अवं, श्वास अडकला वाट्टे!" आई ओरडली आणि त्यांच्या गळ्याकडे धावली.

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. डोळे पुसले आणि फोनवर लिहायला घेतलं. बराच वेळ लिहिलं. आईच्या फोनवर ते आलं आणि तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. भाजीवालीला त्यांनी फोनवर 'अर्धा किलो वांगी' असं लिहून दाखवलं होतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ती कानापाशी येऊन ओरडायला लागली, मग हातवारे करून भाव सांगायला लागली. आजूबाजूच्या दोन बायकाही मदतीला आल्या, त्याही ओरडल्या. मग त्या आपसात म्हणाल्या, बिचारा किती चांगला दिसते, बायको कशी असंल कोण जाणे, एकट्याले बाजारात धाडते. आणि दया येऊन तिघींनी एकेक कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली.

"बायको कशी असंल?" आईने पुन्हा वाचलं. "अन् तुमी ऐकून घेतलं?"

बाबांनी दोन्ही हात पसरले. सांगणार कसा, असं. आणि पुन्हा त्यांचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसत होते. आई काही क्षण त्यांच्याकडे रागाने पाहत राहिली, मग पदर तोंडाला लावून त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.